फक्त एक तास म्हणे!

२०२४ च्या जूनमध्ये पुणे-नांदेड विमान सुरू झालं आणि माझ्यापेक्षा जास्त आनंद माझ्या टीमला झाला. कँटीनमध्ये एकजण म्हणाला, "काय राव, सोपं झालं तुझं! एका तासात घरी. मला कोथरूडहून हिंजवडीला यायला सव्वा तास लागतो." हा मित्र मनानं वाईट नाही, अस्सल पुणेकर आहे इतकंच. मी म्हटलं, अरे माझं घर लातूरला, नांदेडला आजोळ. तर म्हणतो, "तेच ते रे, जवळजवळच आहे ना सगळं."

'एक तास' आणि 'तेच ते', दोन्ही डोक्यात गेलं. त्याला तेव्हा काही बोललो नाही, कारण डब्यातली भाजी गार होत होती आणि एक वाजता कॉल होता. पण तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. आज शनिवार आहे, पाऊस आहे, बिल्ड तुटलेला नाही. तर लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी एवढा का चिडलो ते कळेल.

२०२३ चा पावसाळा. संध्याकाळी साडेसात वाजता ऑफिसात मामाचा फोन. "निघ बाबा तू. आजीचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणूलालेत, जवळच्या लोकांना बोलवून घ्या." माझी आजी म्हणजे आईची आई. सुट्टीतले सगळे उन्हाळे मी तिच्या नांदेडच्या घरी काढलेले. लॅपटॉप बंद केला, मॅनेजरला मेसेज टाकला आणि मोबाईलवर तिकीट शोधायला लागलो. तेव्हा पुण्याहून नांदेडला विमान नव्हतं. रेल्वेला वेटिंग, तेही शंभराच्या वर. मग ट्रॅव्हल्स. साडेनऊची गाडी, वाकडहून, मागचा वरचा बर्थ, भाडं गरजवंताचं. मिळालं हेच खूप.

मराठवाड्यातल्या कुठल्याही पोराला ही बस माहीत असते. हडपसर सोडेपर्यंतच साडेअकरा वाजतात. मग ढाब्यावर अर्धा तास. बार्शीच्या पुढं कुठंतरी मध्यरात्री झोप लागते. मला दोन वाजता जाग आली ती फोनच्या थरथरीनं. मामाचा मेसेज. आजी गेली.

पहाटे गाडी लातूरला आली. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर ती थांबते. उतरावं असं क्षणभर वाटलं, पण घरी कोण होतं? आई-बाबा रात्रीच शेजाऱ्यांच्या गाडीनं नांदेडला निघाले होते. एकशे पंचेचाळीस किलोमीटर. पाऊस, अंधार, रस्त्याची कामं. त्यांना पोचायला जवळजवळ चार तास लागले. म्हणजे आईलाही तिची आई जिवंत भेटली नाही. लातूरहून नांदेडला, शेजारच्या जिल्ह्याला.

अहमदपूरच्या अलीकडे आमच्या बसचं टायर गेलं. मी रस्त्याच्या कडेला उभा आणि मामा फोनवर, "तुझ्यासाठी थांबलाव, पण किती थांबावं? पाऊस वाढूलालाय." मीच म्हटलं, थांबू नका. नांदेडला उतरून रिक्षानं गोवर्धन घाटावर पोचलो तेव्हा सगळे परत निघाले होते. बाबा दिसले. डोक्यावर टॉवेल घेऊन उभे होते. म्हणाले, "आलास? चल, घरी चल."

तर या रात्रीनंतर वर्षभरानं मला कोणीतरी सांगतं, एका तासात पोचतोस की.

आता भावना बाजूला ठेवू आणि हिशोब करू, कारण आपण इंजिनिअर लोक. समजा, त्या रात्री पुणे-नांदेड विमान सुरू असतं. दिवसातून एक फेरी. मामाचा फोन साडेसातला. मला विमान मिळालं असतं ते दुसऱ्या दिवशी. ते दुपारी बाराचं धरा. हिंजवडीहून लोहगावला दीड-दोन तास, आधी जाऊन बसायचं सव्वा तास, हवेत एक तास, नांदेडला बाहेर पडायला अर्धा तास. दुपारी दीड-दोनला मी मामाच्या दारात. पंक्चर झालेली ट्रॅव्हल्स याच्या बऱ्याच आधी पोचली होती!

हे माझं एकट्याचं दुर्दैव नाही, हे साधं गणित आहे. फेऱ्या समान अंतरानं असतील आणि तुम्हाला निघायची गरज कधीही पडू शकत असेल, तर सरासरी थांबावं लागतं ते दोन फेऱ्यांमधल्या अंतराच्या निम्मं. दिवसातून एक विमान म्हणजे सरासरी बारा तास वाट. एक दिवसाआड असेल तर चोवीस. त्यात दारापासून दारापर्यंतचे साडेचार-पाच तास मिळवा. 'एक तासाचं' नांदेड झालं सतरा तासांचं. उलट ट्रॅव्हल्सच्या गाड्या संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत एकामागोमाग सुटतात. म्हणून ती दहा-अकरा तासांची रडकी बस अडीनडीला जवळची, आणि विमान लांबचं.

दोन महिने आधी ठरलेल्या लग्नाला जायचं तर विमान निम्म्या वेळात पोचवतं, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण गावाकडचा प्रवास असा कॅलेंडरमध्ये इन्व्हाइट पाठवून येत नाही हो. कोणाचं तरी ऑपरेशन, कोणाची तरी बाळंतपणाची तारीख आधी आली, शेताच्या मोजणीला सरकारी माणूस उद्याच येतोय. अंतर म्हणजे काय, तर घरून फोन आल्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंतचा वेळ. त्यातला उड्डाणाचा तुकडा तेवढा कापून मोठ्या अक्षरात छापायचा ही निव्वळ चलाखी आहे. आपल्याकडे कोणी क्लायंटला असं सांगेल का, की सर्व्हर दोन मिलिसेकंदांत उत्तर देतो, फक्त दिवसातून एकदाच चालू असतो?

आणि चालू राहील याचीही खात्री नाही. नांदेडच्या विमानाचा इतिहास बघा. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं २००८ साली विमानतळाचं रूप पालटलं. २०१७ च्या २७ एप्रिलला उडान योजनेतली हैदराबाद-नांदेड सेवा सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या मार्गांपैकी एक. पंतप्रधानांनी सिमल्याहून झेंडा दाखवला, आमच्या मामानं टीव्हीसमोर पेढे वाटले. ट्रूजेट नावाची कंपनी होती. २०२२ च्या सुरुवातीला ती कंपनीच जमिनीवर आली. २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीची विमानं आली, पुन्हा पेढे. सुरू, बंद, पुन्हा सुरू. नांदेडच्या मिठाईवाल्यांचं तेवढं भलं झालं.

यात नांदेडच कमनशिबी असंही नाही. उडान योजनेत कंपनीला तोटा भरून काढायला तीन वर्षं पैसे मिळतात. कॅगचा २०२३ चा अहवाल सांगतो, की योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढं टिकले ५४. सातशे चौऱ्याहत्तरातले चोपन्न! आमच्या इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीचा निकालसुद्धा यापेक्षा बरा लागायचा.

आता लातूरकडे येतो. इथं मी माझ्याच लोकांशी भांडणार आहे, तेव्हा लातूरकरांनी शिव्या जपून ठेवाव्यात, एकदम घाला.

लातूरलाही विमानतळ आहे. १९९१ पासून आहे. नांदेड, लातूर, बारामती, धाराशिव आणि यवतमाळ असे पाच विमानतळ २००९ साली ९५ वर्षांच्या करारानं रिलायन्सला चालवायला दिले गेले. पंच्याण्णव वर्षं! लातूरच्या धावपट्टीवर नेत्यांची विमानं उतरतात, पण नियमित प्रवासी सेवा काही तिथं रुजली नाही. तरी दर निवडणुकीला लातूरात 'विमानसेवा कधी?' हा प्रश्न गाजतो, आणि त्यात खरं दुखणं वेगळंच असतं: नांदेडला आहे, मग आम्हाला का नाही.

मी एकदा गंमत म्हणून नकाशावर पट्टी ठेवली. लातूर ते नांदेड सरळ रेषेत साधारण ११५ किलोमीटर. जेट विमानाच्या वेगानं भागलं तर उड्डाणाचा वेळ नऊ मिनिटं. विमान वर चढेपर्यंत उतरायची घोषणा. तिकडं स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं पावणेतीन किलोमीटरचं विमान उडतं, दोन मिनिटांत पोचतं. पण मधे समुद्र आहे राव त्यांच्या! आपल्या मधे चाकूर, अहमदपूर आणि लोहा आहे.

सरळ रेषेत ११५. रस्त्यानं १४५ च्या आसपास. आणि रेल्वेनं? दोनशेच्या वर. लातूरहून निघालेली गाडी आधी पूर्वेला लातूर रोडला जाते, म्हणजे नांदेडच्या दिशेनं, आणि तिथून नांदेडकडे पाठ फिरवून परळीला जाते. मग परभणी, मग पूर्णा, मग नांदेड. एखाद्यानं पाहुण्याच्या दारात येऊन बेल न वाजवता सगळ्या गल्लीला वळसा घालावा तशी.

हा वळसा का, ते शोधायला गेलो तर सव्वाशे वर्षांचा लेगसी कोड निघाला. नांदेडची लाईन निजामाच्या काळातली, हैदराबादहून मनमाडला जाणारी मीटरगेज, १९०० च्या सुमारास सुरू झालेली. लातूरला रेल्वे आली १९११ मध्ये, ती उलट बाजूनं, कुर्डुवाडीकडून. बार्शी लाईट रेल्वे, अडीच फुटी नॅरोगेज. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं उभी केलेली. म्हणजे एक रूळ हैदराबादकडे तोंड करून, दुसरा मुंबईकडे, दोघांची रुंदीही वेगळी. एकमेकांना जोडायचं हे कोणाच्या स्पेसिफिकेशनमध्येच नव्हतं. निजाम गेला, इंग्रज गेले, दोन्हीकडे ब्रॉडगेज झालं, तरी नांदेड आज दक्षिण मध्य रेल्वेत आणि लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. लातूर रोड ते नांदेड, लोहामार्गे, शंभरेक किलोमीटरची थेट लाईन टाका ही मागणी माझ्या जन्माआधीची आहे. सर्वेक्षणं झाली, घोषणा झाल्या. रूळ नाहीत.

बरं, दोन्ही जिल्हे गरीब बिचारे, त्यांचं ऐकणारं कोणी नव्हतं, असंही नाही. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण, लातूरचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. चार मुख्यमंत्री! शंकरराव आणि शिवराज पाटील चाकूरकर हे दोघे देशाचे गृहमंत्री झाले. आणि चाकूर तर या दोन शहरांमधल्या रस्त्यावरच आहे. एवढी माणसं दिली त्या दोन शहरांना जोडणारे शंभर किलोमीटर रूळ पडले नाहीत. याला दिल्ली-मुंबई जबाबदार, पुणे-नाशिक जबाबदार, असं म्हणायची आपली सवय आहे. मला नाही पटत.

आपण भांडलो कशासाठी ते आठवा. २००९ साली विभागीय आयुक्तालय नांदेडला करायचा निर्णय झाला आणि लातूर पेटलं. मी तेव्हा शाळेत होतो. बंद म्हणजे सुट्टी, आम्ही पोरं खूश. घरात मात्र आई नांदेडची आणि बाबा लातूरचे, त्यामुळे आठवडाभर भाजीत मीठ कमी-जास्त. मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. आयुक्तालय जे लटकलं ते लटकलंच. २०१७ मध्ये लातूर-मुंबई गाडी काही दिवस बीदरपर्यंत वाढवली तेव्हाही लातूरकर रस्त्यावर उतरले. त्या रागाला कारण होतं, हातातली एकुलती एक धड गाडी वाटून द्यायची वेळ आली की माणूस चिडतोच. पण आपण नेहमी असलेल्या तुकड्यावर भांडतो. थेट लाईन द्या म्हणून लातूर आणि नांदेड दोन्ही एकाच दिवशी बंद राहिल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि मला विमानाचे आकडे फेकणाऱ्यांना एकच विचारायचं आहे. आपल्याकडे येणाऱ्या या छोट्या विमानांत सीट किती? सत्तर-पंचाहत्तर. रेल्वेच्या साध्या स्लीपर डब्यात बर्थ किती? बहात्तर. म्हणजे ज्याच्यासाठी झेंडे, पेढे, फुलांच्या माळा, ते अख्खं विमान म्हणजे स्लीपरचा एक डबा. कुठल्याही गाडीला एक डबा जोडला तर पालकमंत्री येतो का हो उद्घाटनाला?

एप्रिल २०१६ आठवतो मला. बारावी झाली होती, सीईटीचा अभ्यास चालू होता आणि लातूरात पाणी नव्हतं. नळाला नव्हतंच, टँकरला रांगा, भांडणं नकोत म्हणून पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत पन्नास-पन्नास हजार लिटरच्या दहा वाघिणी, ३४२ किलोमीटर, सतरा-अठरा तासांचा प्रवास. १२ एप्रिलच्या पहाटे ती लातूरात पोचली. ज्या मार्गानं ती आली तो म्हणजे तीच जुनी बार्शी लाईट. कुर्डुवाडी-लातूर भाग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला होता, मिरजेकडचा त्यानंतर. ते काम आणखी दहा वर्षं रखडलं असतं, जसं आपल्याकडे रखडतं, तर ते पाणी कशातून आलं असतं? तेव्हा कोणी उड्डाणाचा वेळ विचारत नव्हतं. लातूरला पाणी पाजणारी ती गाडी सायकलच्या वेगानं आली, पण आली.

ऑनसाइटहून परत आलेल्या मंडळींसाठी एक युरोपातली गोष्ट, कारण तिथल्या ट्रेनचे फोटो टाकायला आपण कोणी मागं नसतो. पुणे ते नांदेड सरळ रेषेत साधारण ३७० किलोमीटर. पॅरिस ते ल्यों साधारण ३९०. जवळजवळ तेवढंच. पॅरिस-ल्यों मार्गावर १९८१ पासून वेगवान रेल्वे आहे, दोन तासांत पोचवते, आणि दिवसभर सुटत राहते. इतकी, की २०२३ मध्ये फ्रान्सनं नियम केला: रेल्वेनं अडीच तासांच्या आत जाता येत असेल तर त्या दोन शहरांमध्ये देशांतर्गत विमान नको. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून ल्यों, नांत आणि बोर्दोची विमानं बंद. तिकडं रेल्वे आहे म्हणून विमान बंद करतात. आपल्याकडे रेल्वे नाही म्हणून विमान सुरू करतात, आणि मग तेही बंद होतं.

लगेच कोणी म्हणेल, म्हणजे तुला दोन तासांची बुलेट ट्रेन पाहिजे लोह्याला? नाही बाबा. ताशी ऐंशीनं धावणारी, दिवसातून सहा-सात वेळा सुटणारी, तिकीट मिळणारी साधी गाडी पाहिजे. थेट लाईन झाली तर सत्तर-ऐंशी किलोमीटरचा वळसा जातो आणि लातूर-नांदेड दोन तासांत येतं. मग एकाच विमानतळावर दोन्ही शहरांचं भागेल. नांदेडच्या विमानतळावर उतरायचं आणि गाडीनं लातूर. ९५ वर्षांची दुसरी धावपट्टी सोयाबीन वाळवायला वापरा.

नांदेडला विमान नकोच, असंही मी म्हणत नाही. हुजूर साहिबला अमृतसरहून येणाऱ्या भाविकाला सरळ रेषेत चौदाशे किलोमीटर यायचं असतं, सचखंड एक्सप्रेसमध्ये दिवस-रात्र काढावी लागते. त्याला विमानच पाहिजे, भरवशाचं पाहिजे. लांबच्याला विमान, जवळच्याला रूळ, एवढं साधं आहे. आपण उलटं करून बसलोय. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई-जालना वंदे भारत नांदेडपर्यंत आली, चांगलं झालं, नऊ-साडेनऊ तासांत का होईना, आठवड्यातून सहा दिवस गाडी आहे. ती मनमाड-संभाजीनगरवरून जाते, लातूरला तिचा उपयोग नाही. गंमत म्हणजे वंदे भारतच्या स्लीपर गाड्या लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यात बनवायचा करार २०२३ मध्ये झालाय. गाडी आमच्या गावात बनणार. ती नांदेडला न्यायची झाली तर परळीवरून वळसा!

असो. परवा मामाचा फोन होता. आजीच्या श्राद्धाला ये म्हणाला, यंदा तरी चुकवू नकोस. वर म्हणाला, "इमानानं ये की, एक तास तर लागतो म्हणं." मी म्हटलं, बघतो. आईला विचारलं तुम्ही कसे जाणार, तर ती म्हणाली, एसटीनं, सकाळी सातच्या. गुडघे दुखतात म्हणून पुढची सीट धरायला बाबा अर्धा तास आधी स्टँडवर जातात.

मी ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलंय. खालचा बर्थ मिळाला यावेळी. लातूरला पहाटे साडेचारला पोचते म्हणतात, तिथं उतरून आई-बाबांबरोबर सातची एसटी धरीन.